औषध, अळी आणि गळू

'औषध' हा शब्द 'ओषधी'वरून आला आणि ओषधी म्हणजे वनस्पती, हे आम्ही भाषेच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. झाडपाल्यापासून सिद्ध होते ते औषध. वऱ्हाडात मात्र हा शब्द गेल्या दोन-तीन पिढ्यांत उलट्या दिशेने चालत गेला. पूर्वी वनस्पतीतून निघे ते औषध होते. आता वनस्पतीवर फवारले जाते तेही औषध झाले आहे. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बाटलीला गावात कोणी 'कीटकनाशक' म्हणत नाही. 'पऱ्हाटीवर औषद मारलं' असेच म्हणतात. 'मेडिकल'मधून आणलेली गोळीही औषधच. आणि एखाद्या घरापुढे माणसे गोळा झालेली असताना 'त्यानं औषद घेतलं' असे कोणी खालच्या आवाजात सांगितले, तर ते कोणत्या दुकानातले, हे विचारावे लागत नाही. रोग बरा करणारे, कीड मारणारे आणि माणूस मारणारे अशी तीन द्रव्ये आमच्याकडे एका शब्दाच्या छपराखाली राहतात.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक; एक अमरावतीला शिकवतो, दुसरा अकोल्याला. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही 'औषध चालेनासे होणे' या एका वाक्प्रयोगापाशी आम्ही गेली काही वर्षे थबकलो आहोत. तो शेताच्या धुऱ्यावर जसा ऐकू येतो तसाच दवाखान्याच्या ओट्यावरही ऐकू येतो. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच आहे, आणि तो एकच आहे हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. या लेखात ते बोलून पाहण्याचा प्रयत्न आहे.

निमित्त साध्या गळवाचे आहे. त्वचेच्या या दुखण्यांसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. पुळी, फोड, गळू, केसतूड, काळपुळी, नखुरडे. यांतला भेद जुन्या बायांना नेमका कळे. जवसाचे पोटीस बांधून गळू 'पिकवायचे', तोंड आले की पू काढायचा, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुवायचे, हा क्रम घरोघरी ठाऊक होता. हट्टी गळवाला न्हावी चीर देई. या जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. काळपुळीने माणसे मरत, आणि न्हाव्याच्या वस्तऱ्यानेही मरत. पण तिच्यातली एक गोष्ट आजचे वैद्यकही मानते. साठलेला पू बाहेर काढणे हाच गळवाचा मुख्य उपचार होय. गोळी दुय्यम असते, आणि लहान गळवाला तर पुष्कळदा तिची गरजही पडत नाही.

या दुखण्यांमागे बहुधा असतो तो जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. १८८० च्या दशकात अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला द्राक्षांच्या घडासारखे गोल कणांचे पुंजके दिसले. द्राक्षघडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने हे नाव घडवले. 'ऑरियस' म्हणजे सोनेरी. कारण प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात. इतके सुंदर नाव रोगजंतूंत क्वचितच कोणाला मिळाले असेल. हा काही परका शत्रू नव्हे. साधारणपणे दर तीन माणसांतील एकाच्या नाकात तो मुकाट राहत असतो. त्वचेला चीर पडली, प्रतिकारशक्ती खालावली, एकाच पंचाने चौघांनी अंग पुसले, की तो आत शिरतो. बहुतेक वेळा पुळीवर भागते. कधी मात्र तो रक्तात, हाडात, फुप्फुसात उतरतो.

पेनिसिलिनच्या कथेचा आरंभही याच जंतूपासून होतो. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या ज्या बशीत बुरशी उगवली, तिच्यात स्टॅफचीच पेरणी होती. बुरशीभोवतीच्या वसाहती विरघळलेल्या त्याला दिसल्या. पुढे १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका चाळिशीतल्या पोलिसावर हे औषध प्रथम वापरले गेले. चेहऱ्यावरच्या जखमेतून पसरलेला संसर्ग ओसरू लागला; पण औषध संपले. त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून दिले गेले, तेही संपले आणि तो गेला. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अंथरुणाला खिळल्या होत्या. देवदास गांधींनी त्यांच्यासाठी विमानाने पेनिसिलिन मागवले. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी त्याला संमती दिली नाही, आणि २२ फेब्रुवारीला बा गेल्या. विमानाने येणारे हे दुर्मिळ द्रव्य त्यानंतर दहाच वर्षांत, १९५४ साली, पुण्याजवळच पिंपरीला स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याचे उत्पादन ठरले. आज खेड्यातल्या दुकानात त्याची कितीतरी भावंडे पानभर गोळ्यांच्या रूपात टांगलेली असतात. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात हे सारे घडले.

याच काळात जंतूही शिकत होता. पेनिसिलिनचे काम साधे आहे. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला ते चिकटते. भिंत अपुरी राहते आणि जिवाणू फुटतो. स्टॅफने आधी पेनिसिलिनचे तुकडे करणारे द्रव्य तयार केले. त्यावर उपाय म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आले, ज्याचे तुकडे त्याला करता येत नव्हते. तेव्हा जंतूने गवंडीच बदलला. ज्याला औषध चिकटत नाही असे नवे प्रथिन भिंत बांधू लागले. १९६१ मध्येच इंग्लंडमधून अशा जंतूंची पहिली नोंद आली. त्यांना एमआरएसए म्हणतात. बराच काळ हा रुग्णालयांतला उपद्रव समजला गेला. पुढे अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत १९९७ ते १९९९ दरम्यान चार मुले दगावली. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील होती आणि जंतू त्यांना रुग्णालयात मिळालेला नव्हता. 'समाजातला' एमआरएसए तेव्हापासून सर्वांच्या नजरेत भरला. भारतीय उपखंडाचा असा जो वाण जगाला ठाऊक आहे, त्याला 'बेंगॉल बे' असे नाव मिळाले. तो निरोगी माणसांत पसरतो, आणि त्यावर एकाच वेळी अनेक औषधे निष्प्रभ ठरतात.

आता फ्लेमिंगची एक गोष्ट. १९४५ च्या नोबेल व्याख्यानाच्या शेवटी त्याने एक छोटी कल्पित कथा सांगितली होती. श्रीयुत 'क्ष' यांचा घसा दुखतो. ते दुकानातून पेनिसिलिन आणतात आणि थोडेसेच घेतात. जंतू मरण्याइतके नाही, शहाणे होण्याइतके. हे शहाणे जंतू ते आपल्या पत्नीला देतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण? फ्लेमिंगचे उत्तर असे की श्रीयुत 'क्ष', कारण त्यांनी औषध निष्काळजीपणाने वापरले.

या विषयावरची ही बहुधा पहिली लघुकथा असावी, आणि द्रष्टी तर ती निश्चितच आहे. पण कथेत दोष कोणाच्या पदरात पडतो हे पाहण्याची आम्हा साहित्याच्या अध्यापकांना खोड असते. या कथेत दुकानदार नाही, कारखाना नाही, डॉक्टर नाही, 'क्ष'चा धंदा कोणता, त्याच्या खिशात किती पैसे आहेत, दवाखाना किती कोसांवर आहे, यांपैकी काही नाही. एक नवरा, एक बायको आणि एक चूक एवढेच आहे. त्यानंतर जगभर या विषयावर जी भित्तिपत्रके निघाली, त्यांपैकी पुष्कळांनी हीच कथा पुन्हा सांगितली: रुग्ण अडाणी आहे, त्याला समजावा. आमच्या मुलखात ही कथा नीट लागत नाही. का, ते सांगायला हवे.

वऱ्हाडातला श्रीयुत 'क्ष' दिवाळीच्या सुमारास कापूस वेचत असतो, आणि बहुतेकदा तो 'क्ष' नसून ती असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांत रुततात, नखांच्या कडा फाटतात. त्या बोटांनीच भाकरी थापायची, लेकरू धुवायचे, म्हैस पिळायची. (म्हशीच्या कासदाहाचा एक मोठा कारक स्टॅफच आहे आणि तिलाही 'सुई' दिली जातेच.) नखुरडे झाले तर एक दिवस दवाखान्यात म्हणजे एका दिवसाची मजुरी, शिवाय ऑटोचे भाडे. त्यापेक्षा फाट्यावरच्या दुकानातून दोन वेळच्या चार गोळ्या आणणे स्वस्त पडते. पाचवी गोळी घेतली जात नाही, कारण चारांनी ठणका उतरलेला असतो आणि पाचवीचे पैसे तेलाला लागतात. याला निष्काळजीपणा म्हणावे असे आम्हाला वाटत नाही. हा हिशेब आहे आणि त्या घरापुरता तो बरोबर आहे. घराबाहेर तो चुकतो, पण घराबाहेरचा हिशेब ठेवण्याचे काम त्या बाईवर कोणी सोपवलेले नाही.

आमचा एक विद्यार्थी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. खारपाणपट्ट्यातल्या एका गावाचा. दिवाळीच्या सुटीत वेचणी केली आणि मांडीवर गळू घेऊन आला. दुकानातल्या गोळ्यांनी ते बसले, पुन्हा उठले. मग गावात येणाऱ्या एका 'डॉक्टरां'च्या तीन सुया झाल्या. मग वसतिगृहातल्या मित्राच्या उरलेल्या गोळ्या. या सगळ्यात चीर देऊन पू काढण्याचे काम कोणीही केले नाही. महिन्याभराने ताप भरला आणि गुडघ्याच्या वरचे हाड दुखू लागले, तेव्हा जंतू हाडात पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे शिरेतून औषध चालले. एक एकर गहाण पडले. धाकट्या बहिणीचा महाविद्यालयातला प्रवेश 'पुढल्या वर्षी पाहू' म्हणून राहिला आणि ते पुढले वर्ष आलेच नाही; तिचे लग्न झाले. मुलगा पुढे परीक्षा देऊन उत्तीर्ण झाला. चालताना किंचित पाय ओढतो.

त्याला भेटायला गेलो असताना त्याच्या उशाशी जंतुपरीक्षेचा कागद होता. आयुष्यभर संहिता वाचण्याचा व्यवसाय केल्यामुळे तोही आम्ही वाचला. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे एकेक अक्षर: 'आर' किंवा 'एस'. आर म्हणजे जंतू दाद देत नाही. एस म्हणजे देतो. पेनिसिलिन आर. सेफॉक्सिटिन आर, म्हणजेच हा एमआरएसए. एरिथ्रोमायसिन आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. खाली व्हॅन्कोमायसिन आणि लिनेझोलिड यांच्यापुढे एस. हा कागद त्या मुलाच्या देहातून निघाला होता खरा, पण त्यातला मजकूर त्याचा एकट्याचा नव्हता. त्यातल्या काही गोळ्या त्याने जन्मात कधी घेतल्या नव्हत्या. मग जंतू त्या ओळखायला कुठे शिकला? कुणाच्या तरी खोकल्यात, कुणाच्या तरी जुलाबात, कुठल्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात, कुठल्या तरी वॉर्डात. त्या कागदावर साऱ्या परिसराचे चरित्र लिहिलेले होते, आणि सही तेवढी एका मुलाच्या नावाची होती.

हे अपवादात्मक असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. देशातल्या पंधरा केंद्रांनी २००८ आणि २००९ मध्ये तपासलेल्या सव्वीस हजारांहून अधिक स्टॅफ नमुन्यांत एमआरएसएचे प्रमाण ४१ टक्के होते. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले. गावातल्या पुळीचा पू तपासायला जातोच कुठे? पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उज्जैन परिसरातल्या निरोगी बालकांच्या नाकांतही असे जंतू सापडले होते. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधक जिवाणूंमुळे झाले आणि त्यांतील एक लाखाहून अधिक एकट्या एमआरएसएमुळे.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही हे समजावून सांगू लागलो. जंतू औषधाला सरावतात, एकदा सरावलेले पुढे वाढतात, वगैरे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे तं बोंडअयीवानीच झालं, सर. पह्यल्यांदा औषद मारलं तवा पटापट पडे. मंग मारलं तं नुसती हाले. आता तं औषदानं आंघोय करते." आमचा अर्ध्या तासाचा तास त्यांनी चार वाक्यांत संपवला होता.

गुलाबी बोंडअळीचा इतिहास वऱ्हाडातल्या प्रत्येक घराने खिशातून पैसे देऊन शिकला आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, आणि काही वर्षे बोंडात अळी दिसेनाशी झाली. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या वाणाला अळी सरावल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्यालाही ती सरावली. २०१७ च्या हंगामात विदर्भात शेतेच्या शेते हातची गेली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली. औषध चालेनासे झाले की माणूस अधिक औषध मारतो, अधिक तीव्र मारतो, दोन-तीन एकत्र करून मारतो. शेतातले हे वर्तन आणि दवाखान्यातले वर्तन यांत फरक शोधूनही आम्हाला सापडला नाही.

बीटीच्या प्रत्येक पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे एक लहान पाकीट येत असे. ते कडेने पेरावे, म्हणजे तिथे साध्या, न सरावलेल्या अळ्या जगतील, सरावलेल्यांशी त्यांचा संकर होईल आणि सरावण्याचा वेग मंदावेल, अशी योजना होती. कल्पना मार्मिक आहे: जिला मारायचे तिच्यातल्या काहींना जगू द्यायचे, कारण त्यांचे दुबळेपण हीच आपली पुंजी. पण ते पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकले. चार एकरांच्या माणसाने अळीसाठी जागा का सोडावी, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितले नव्हते. त्या पाकिटातले बी धड उगवत नसल्याच्याही तक्रारी होत्या. शिवाय पाण्याची सोय असलेल्यांनी चार पैशांसाठी फरदड ठेवली आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणे मिळाले. अळी सरावली तेव्हा दोष शेतकऱ्यावर आला: त्याने पाकीट पेरले नाही, त्याने फरदड ठेवली. श्रीयुत 'क्ष' येथेही हजर होतेच.

गळवाच्या बाबतीत ते लहान पाकीट म्हणजे आपल्या नाकातला, कातडीवरचा, औषधाला अजून दाद देणारा साधा स्टॅफ. सर्दीसाठी घेतलेली प्रत्येक अनाठायी गोळी सर्दीचे काहीच करत नाही, कारण सर्दी विषाणूंची असते; पण या साध्या जंतूंना मारून सरावलेल्यांसाठी रान मोकळे करते. जे जंतू औषधाने मरू शकतात ते गावाचे गायरान आहे. प्रत्येकाने आपापली चार जनावरे सोडली तर एकट्याचे काही बिघडत नाही, आणि एके दिवशी गवतच उरत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. 'गोळ्या कमी घ्या' हा उपदेश शहरात शहाणपणाचा वाटतो. धारणी-चिखलदऱ्यात तो क्रूर ठरू शकतो. मेळघाटात आजवर किती बालके साध्या न्यूमोनियाने गेली असतील, योग्य वेळी साधे औषध न मिळाल्यामुळे! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात बालकांच्या जंतुसंसर्गावर प्रतिजैविके, अगदी इंजेक्शनेही, त्यांच्या हाती दिली. बालमृत्यू झपाट्याने घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तेथे औषध कमी झाले नव्हते. ते योग्य बालकापर्यंत, योग्य मात्रेत, जबाबदार हातांनी पोहोचले होते. याच्या उलट चित्र आम्ही २०२१ च्या फेब्रुवारीत पाहिले. कोरोनाची दुसरी लाट अमरावती-अकोल्यात आधी उसळली आणि विषाणूवर ज्याचा उपयोग नाही ते अॅझिथ्रोमायसिन घरोघर वाटल्यासारखे खपले. एकाच विभागात कुठे औषधाचा दुष्काळ आणि कुठे पूर. आमच्या पावसासारखेच.

औषध चालेनासे होणे अमरावतीला नवे नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) महादेवाला महारोग होतो आणि कौतिकचा संसार उसवत जातो, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. त्या काळी महारोगावर डॅप्सोन हे मुख्य औषध होते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन याच शहराच्या कडेला उभे राहिले. पुढे रोगजंतू डॅप्सोनला सरावले. तेव्हा रुग्णांना दोष देत बसण्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत ठरवली. औषधे फुकट दिली गेली, कार्यकर्ते दारोदार गेले, गोळ्यांच्या पानावर दिवस छापले गेले. 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य तेथे अक्षरशः खरे आहे, क्षयरोगातही आहे. प्रत्येक किरकोळ दुखण्याला ते तसेच लागू पडत नाही, असे आता वैद्यकच म्हणू लागले आहे. किती दिवस हे डॉक्टराने सांगावे आणि रुग्णाने तेवढे पाळावे, एवढेच सर्वत्र खरे. 'धग'च्या महादेवाचा रोग नंतरच्या पिढ्यांत बरा होऊ लागला तो व्यवस्थेमुळे.

आमच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने कीर्तनाआधी हातात झाडू घेतला. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त गावाच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार केला. प्रतिजैविकांच्या आधीचे प्रतिजैविक ते हेच, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो खोटाही नाही. न झालेल्या गळवाला गोळी लागत नाही. पण झाडूला पाण्याची जोड लागते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी मचूळ आहे. त्यात साबणाचा फेस धड येत नाही. गोड पाण्याचा नळ काही दिवसांनी येतो आणि आले ते पाणी आधी पिण्याला. तेथे 'वारंवार हात धुवा' हे वाक्य छापणारा कोणत्या गावचा असेल, असा प्रश्न पडतो.

कायदा आहे. २०१४ च्या मार्चपासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-वन' यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत, विकली तर नोंदवहीत लिहावीत, असा नियम आहे. पानावर तांबडी रेघ असते, तिचा अर्थ सांगणारी मोहीम २०१६ मध्ये झाली. दुकानदारांना दरडावून हा नियम पाळून घेता येईलही. पण मग त्या बाईने नखुरडे घेऊन कुठे जायचे, याचे उत्तर आधी तयार हवे. जवळच्या उपकेंद्रात चीर देणारा हात, तालुक्याच्या ठिकाणी पू तपासण्याची सोय आणि त्या दिवसाची न बुडणारी मजुरी, एवढे झाले तर तांबड्या रेघेला अर्थ येईल.

यात भाषेच्या अध्यापकांनी काय करायचे? आमच्या हाती एक गोष्ट आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना आरोग्यखात्याची पत्रके पुन्हा लिहायला देतो. 'प्रतिजैविकांच्या अतिरेकी व अविवेकी वापरामुळे सूक्ष्मजीवांमध्ये प्रतिरोध निर्माण होतो' हे मूळ वाक्य. शुद्ध, निर्दोष, आणि खेड्यात कोणाच्याही कानात न शिरणारे. त्याच्या जागी एका मुलीने लिहिले: 'अयी जशी औषदाले सरावली, तसे आंगातले जंतूबी गोयीले सरावतात. सर्दीले गोयी वाया घालू नका. गयवाचा पू दवाखान्यात काढून घ्या.' आम्ही तिला शुद्धलेखनाचे गुण कापण्याऐवजी हे वाक्य फळ्यावर लिहायला लावले. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कापूस आहे. त्यांना आणखी काही समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी विचारले ते वेगळेच: बोंडअळीच्या वेळी जे सांगायला कोणी आले नव्हते, ते या वेळी कोण येणार?